दप्तराबाहेरचा महाराष्ट्र : आत्मकथन, कादंबरी व कथा यांचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे साधनांचा एक विचित्र पेच उभा राहतो. एका बाजूस कागदांची रेलचेल असते. जनगणनेचे अहवाल, विधिमंडळातील चर्चा, आयोगांची प्रतिवृत्ते, महसुली नोंदी, वृत्तपत्रांच्या संचिका असे सारे काही उपलब्ध असते. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्याविषयी हे कागद लिहिले गेले त्या माणसांचा आवाज त्या कागदांत अपवादानेच ऐकू येतो. वतन रद्द झाले त्या वर्षी महारवाड्यातील चुलीवर काय शिजत होते, गुन्हेगार जमातींचा कायदा गेल्यानंतर पोलिसाची वागणूक बदलली काय, धरणाखाली गेलेल्या गावातील म्हातारी नव्या गावठाणात कोणत्या देवापुढे दिवा लावत होती, या प्रश्नांची उत्तरे दप्तरात सापडत नाहीत. ती सापडतात आत्मकथनांत, कादंबऱ्यांत आणि कथांत.

मराठी साहित्याचा चोखंदळ वाचक हे फार पूर्वीपासून जाणत आला आहे. मात्र इतिहासलेखनाच्या क्षेत्रात साहित्यकृतीचा उल्लेख बहुधा प्रकरणाच्या शेवटी, 'तत्कालीन साहित्यातील प्रतिबिंब' अशा मथळ्याखाली, शोभेपुरता केला जातो. याउलट साहित्याच्या अभ्यासात कादंबरीतील प्रत्येक प्रसंग जणू नोंदवहीतील उतारा आहे असे मानण्याची प्रवृत्तीही आढळते. पहिली दृष्टी साहित्याला साधन मानतच नाही. दुसरी त्याला बिनतक्रार साधन मानते. प्रस्तुत लेखात आत्मकथन, कादंबरी व कथा हे तीन प्रकार इतिहासाला नेमके काय देतात, प्रत्येकाचे देणे वेगळे कसे आहे आणि ते स्वीकारताना कोणती चिकित्सा आवश्यक ठरते, याचा विचार प्रामुख्याने १९५० नंतरच्या मराठी साहित्यकृतींच्या आधारे केला आहे.

साधनांची परंपरा आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रातील आधुनिक इतिहाससंशोधनाचा पाया कागदपत्रांच्या शोधावर घातला गेला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. वाड्यांच्या माळ्यांवर कुजणारी दप्तरे वाचवण्याचे जे कार्य या पिढीने केले त्याचे मोल वादातीत आहे. परंतु दप्तर तेथेच असते जेथे वाडा असतो. ज्यांच्या घराला माळाच नव्हता, ज्यांना अक्षर शिकण्याची मनाई होती, ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर फिरत होते, त्यांचे दप्तर असणे शक्य नव्हते. त्यांचा उल्लेख दप्तरात येतो तो वेठीच्या, दंडाच्या किंवा गुन्ह्याच्या निमित्ताने.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. 'साधने' गोळा करणाऱ्या राजवाडे यांनीच १९०२ मध्ये 'कादंबरी' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. कागदाच्या या कट्टर उपासकालाही कल्पित लेखनाचा विचार टाळता आला नाही. याचे कारण उघड आहे. मराठी कादंबरीचा जन्मच सामाजिक प्रश्नातून झाला होता. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी हिंदू विधवांच्या स्थितीविषयी आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमूची कहाणी संमतिवयाच्या वादाच्या ऐन काळात घरोघर वाचली जात होती. पुढे रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) व लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) यांनी सुधारणेचा इतिहास सभागृहातून माजघरात आणला. सुधारकांची भाषणे वाचून त्या काळाचे जे चित्र उभे राहते, ते रमाबाईंनी सोसलेला घरातील बायकांचा अबोला वाचल्यावर अपुरे वाटू लागते.

तथापि ही सारी परंपरा मुख्यतः उच्चवर्णीय, शहरी किंवा निमशहरी कुटुंबांची होती. खऱ्या अर्थाने साधनांचा परीघ रुंदावला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आत्मकथन : साक्षीचे मूल्य

१९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने प्रकाशित केलेले दया पवार यांचे 'बलुतं' हा या प्रक्रियेतील निर्णायक टप्पा होय. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शंकरराव खरात यांचे 'तराळ अंतराळ' (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) व किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) अशी एक सलग मालिकाच निर्माण झाली. 'उपरा' व 'उचल्या' यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या ग्रंथांची वाङ्मयीन चर्चा विपुल झाली आहे. येथे त्यांच्याकडे साक्ष म्हणून पाहावयाचे आहे.

'बलुतं'मधील वतनाचे उदाहरण घेता येईल. महार वतनाविषयीचा शासकीय इतिहास थोडक्यात असा सांगता येतो. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारांच्या कायद्याने वतनी चाकरीला कायद्याचे रूप आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. हा इतिहास खरा आहे; पण वतन ही गोष्ट माणसाच्या मनात कशी राहत होती, हे त्यातून कळत नाही. 'बलुतं' वाचताना कळते की वतन म्हणजे एकाच वेळी गुलामी व हक्क होता. गावाची हलकीसलकी कामे करावी लागत, मेलेली ढोरे ओढावी लागत, सरकारी टपाल घेऊन उन्हातान्हात धावावे लागे. आणि तरीही बलुत्याचे धान्य मागताना तो आपला हक्क आहे ही भावना शिल्लक असे. वतनाविरुद्ध लढा देताना आंबेडकरांना स्वकीयांच्याच मनातील कोणत्या मोहाशी झगडावे लागले असेल, याचा उलगडा विधेयकाच्या मसुद्यातून होत नाही. तो या आठवणींतून होतो. त्याचप्रमाणे गावातील महारवाडा व मुंबईतील कावाखाना ही दोन ठिकाणे या पुस्तकात एकमेकांना जोडली जातात. शहरात गेल्याने जात सुटली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला, हे स्थलांतराच्या आकडेवारीत न दिसणारे सत्य येथे उघड होते.

आत्मकथनाचे दुसरे मोठे देणे म्हणजे ते शासकीय नोंदीचीच तपासणी करते. ग्रामीण महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. शाळा सुरू होण्याच्या सुमारास मास्तरांनी अंदाजाने घातलेली ती तारीख होती. कागद प्रमाण मानणाऱ्या इतिहासकाराच्या दृष्टीने ती नोंद विश्वसनीय ठरेल. 'दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात माझा जन्म' असे सांगणारी आईची आठवण मात्र अविश्वसनीय ठरेल. वस्तुतः येथे आठवण अधिक प्रामाणिक आहे. हाच प्रश्न 'अक्करमाशी'त अधिक तीव्र रूप घेतो. शाळेच्या रजिस्टरमधील बापाच्या नावाचा रकाना हा कारकुनाच्या दृष्टीने एक साधा रकाना असतो. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने मात्र तो समाजाने दारात उभा केलेला पहारेकरी ठरतो. किशोर काळे यांनी आपल्या नावात आईचेच नाव लावले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत व्यक्तीच्या नावानंतर आईचे नाव नोंदवण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयामागील दीर्घ सामाजिक पूर्वपीठिका समजून घ्यावयाची असेल तर ही दोन पुस्तके टाळून पुढे जाता येणार नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांनी या साक्षीत आणखी एक पदर जोडला. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' प्रथम १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून आले व १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. फलटण परिसरातील महार समाजाचे, विशेषतः स्त्रियांचे जीवन त्यात येते. पुरुषांच्या आत्मकथनांत आई ही बहुधा सोशिक, कष्टाळू, मुलाला शिकवणारी मूर्ती असते. बेबीताईंच्या लेखनात त्याच घराच्या आत सासूने सुनेला दिलेला छळ, नवऱ्याची मारहाण, पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा हेही येते. गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय आणि महारवाड्याने आपल्या सुनांवर केलेला अन्याय या दोन्हींची नोंद एकच लेखणी करते. हे लेखन त्यांनी अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ही वस्तुस्थितीही इतिहासाचाच भाग आहे. साधन किती उशिरा व किती भीतीतून निर्माण झाले हे कळल्याशिवाय त्या साधनाचे वजन कळत नाही. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) व ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही पुस्तके याच संदर्भात वाचावी लागतात. ऊर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ सिद्ध केला, हे सूचक आहे. स्वतःची आठवण लिहिणे आणि इतरांच्या आठवणी गोळा करून इतिहास रचणे या एकाच कार्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

आत्मकथन लिहिणारा नेहमी पीडितच असतो असे नाही. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे ठाणे जिल्ह्यातील वारली उठावाचे कार्यकर्तीने केलेले निवेदन आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या 'लग्नगड्या'ची प्रथा, वेठबेगार व १९४५ मधील उठाव यांचे त्यातील चित्रण प्रत्यक्षदर्शी आहे. मात्र ते संघटना बांधणाऱ्याच्या नजरेतून आलेले आहे, वारल्याच्या नजरेतून नव्हे. दोन्ही नजरांचा भेद ध्यानी ठेवूनच अशा साक्षीचा उपयोग करणे इष्ट ठरते.

कादंबरी : प्रक्रियेचे दर्शन

आत्मकथन एका व्यक्तीची साक्ष देते; कादंबरी अनेक व्यक्ती, संस्था व हितसंबंध यांच्यातील गुंतागुंत एकत्र दाखवू शकते. त्यामुळे एखादी सामाजिक प्रक्रिया कशी घडली हे समजण्यासाठी कादंबरी विशेष उपयुक्त ठरते. या दृष्टीने तीन कादंबऱ्यांचा विचार येथे केला आहे.

विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांची 'बळी' ही कादंबरी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड त्यांची मोठी वसाहत होती. मालतीबाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले होते. त्या अनुभवातून आकारलेली ही कादंबरी 'सुधारणा' या शब्दाचा अंतर्विरोध दाखवते. कुंपणाच्या आत काम आहे, शिस्त आहे, शाळाही आहे. परंतु हजेरी चुकवता येत नाही व बाहेरचा समाज कुंपणातल्या माणसाला स्वीकारीत नाही. १९५२ मध्ये हा कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या, म्हणजे कादंबरी कायद्याच्या अखेरच्या पर्वातील आहे. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. त्यानंतरही पोलिसांचा ससेमिरा कसा चालू राहिला याची साक्ष 'उचल्या' या आत्मकथनात मिळते. 'बळी' व 'उचल्या' शेजारी ठेवून वाचल्यास कुंपणाच्या आतला व कुंपण काढल्यानंतरचा असा एक सलग इतिहास हाती येतो. एक पुस्तक बाहेरून आलेल्या सहानुभूतिशील अधिकारी स्त्रीचे, तर दुसरे त्या जमातीत जन्मलेल्या लेखकाचे आहे. दोन्ही साक्षी जेथे जुळतात तेथे इतिहासकाराला भक्कम आधार सापडतो. जेथे त्या जुळत नाहीत तेथे नव्या प्रश्नाचा आरंभ होतो.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कादंबरी आहे. महाराष्ट्रातील धरणांचा इतिहास बहुधा सिंचनक्षेत्र, वीजनिर्मिती व खर्च यांच्या कोष्टकांतून सांगितला जातो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेण्याची पद्धत ठरलेली होती. अधिसूचना, मोजणी, हरकती, निवाडा व मोबदला असा तिचा क्रम असे. त्या कायद्याची जागा पुढे २०१३ च्या कायद्याने घेतली. पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला व १९८६ मध्ये तो नव्याने केला. कागदावर ही व्यवस्था पुरेशी वाटते. 'झाडाझडती' दाखवते ते असे की, या क्रमातील प्रत्येक पायरीवर कोणीतरी उभा असतो. मोजणीदार असतो, तलाठी असतो, दलाल असतो, लाभक्षेत्रातील आपली जमीन वाचवू पाहणारा बागायतदार असतो आणि त्या बागायतदाराला दुखवू न शकणारा पुढारी असतो. धरणग्रस्ताला द्यावयाची जमीन ज्याच्याकडून घ्यावयाची त्याचे वजन अधिक, म्हणून कायदा असूनही जमीन मिळत नाही. लेखक स्वतः शासकीय सेवेतील अधिकारी असल्याने कार्यालयीन व्यवहाराचे बारकावे येथे अचूक येतात. परिपत्रकातून हेतू कळतो. तो हेतू वाटेत कोठे जिरला हे मात्र अशा कादंबरीतून कळते.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही तिसरी कादंबरी बुलढाणा परिसरातील शेतकरी कुटुंबाची आहे. एकनाथ तनपुरे हा उच्चशिक्षित तरुण नोकरीअभावी शेतीत अडकून पडतो. शिक्षणसंस्थेत नोकरी मिळवण्यासाठी द्यावे लागणारे पैसे, नापिकी, बी-बियाण्यांचा व खतांचा खर्च, बाजारातील भाव आणि घरातील ताणतणाव हे सारे येथे परस्परांत गुंतलेले आहे. येथे कालक्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत २००६ मध्ये जाहीर केली आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. कादंबरी त्यापूर्वी चार वर्षे वाचकांच्या हाती होती व २००४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला होता. अहवालांनी आत्महत्येची कारणे कर्ज, नापिकी, व्यसन, कौटुंबिक कलह अशा वेगवेगळ्या रकान्यांत मांडली. 'बारोमास' वाचणाऱ्यास हे रकाने वेगळे करणेच चुकीचे आहे हे उमगते. कलह कर्जातून येतो, कर्ज नापिकीतून येते, नापिकीत शिक्षित मुलाचे घरी असणे भावाला व बापाला सलते. कारणांची यादी आणि कारणांची साखळी यांतील हा फरक आहे. यादी अहवाल देतो. साखळी कादंबरी दाखवते.

कथा : एका क्षणाचा इतिहास

कथेचा आवाका लहान असतो. परंतु इतिहासातील काही गोष्टी एका प्रसंगातच पकडता येतात. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील तरुण रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातमध्ये उधना येथे जातो. आपली जात न सांगता तो भाड्याने खोली मिळवतो. जात उघड झाल्यावर त्याला जबर मारहाण होते. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती व १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदाही झाला होता. सरकारी नोकरीत राखीव जागा होत्या. अर्थात, शासनाने नोकरीचे दार उघडले होते. घराचे दार मात्र घरमालकाच्या हाती होते. या दोन दारांमधील अंतर ही कथा मोजते. 'चोरी' या शब्दाची योजनाही अर्थपूर्ण आहे. समाजाने माणूसपण हिरावून घेतलेल्या माणसालाच येथे चोर ठरावे लागते. भाड्याची खोली देताना आडनाव विचारण्याची रीत आजही पुरती संपलेली नाही. या दृष्टीने पाहता सहा दशकांपूर्वीची ही कथा शहरी वस्तीच्या इतिहासाचे जिवंत साधन आहे.

दुसरे उदाहरण जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या संग्रहाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली. २००१ मधील बदलाने महापालिका व गृहनिर्माण मंडळ यांच्या वाट्याची जमीन घटली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. हा झाला जमिनीचा इतिहास. संपानंतर घरात बसलेल्या बापाकडे मुलगा कसा पाहतो, ज्या आवारात भोंग्याच्या हाकेने आत जावे लागे तेथे उभ्या राहिलेल्या झगमगत्या बाजारात कामगाराचा मुलगा कोणत्या दाराने शिरतो, हा माणसांचा इतिहास आहे. पवारांनी तो प्रथम 'अधांतर' या नाटकातून व नंतर कथांतून मांडला. त्यांच्या कथेत वास्तव व कल्पित यांची सरमिसळ असते, अफवा आणि दंतकथा येतात. वरवर पाहता यामुळे साधन म्हणून त्यांचे मूल्य घटते. परंतु ज्या संपाचा शेवटच अधिकृतपणे कधी झाला नाही त्याची आठवण वस्तीत अफवा व दंतकथेच्याच रूपात टिकणार. आठवणीचे ते रूप जतन करणे हेही इतिहासाचे काम आहे.

साधन-चिकित्सेचे प्रश्न

साहित्यकृती साधन म्हणून स्वीकारताना किमान तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला प्रश्न काळाचा. घटना कधीची व लेखन कधीचे? 'जिणं आमुचं'मधील बराचसा अनुभव स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. लेखन धर्मांतरानंतरचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मागे वळून पाहणाऱ्या दृष्टीला पूर्वीचा काळ संपूर्ण अंधाराचा दिसणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच पुस्तकात आषाढ महिन्यातील सणाचा उत्साह, पोतराज, सारवलेली घरे यांचे रसरशीत वर्णनही येते. लेखिकेचे मत एक सांगते, तिची स्मृती त्याहून अधिक सांगते. इतिहासकाराने दोन्ही ऐकावयास हवे. हे पुस्तक एकाच वेळी १९३०-४० च्या दशकांचे आणि १९८० च्या दशकातील आत्मभानाचे साधन आहे.

दुसरा प्रश्न श्रोत्याचा. हे कोणासाठी लिहिले गेले? दलित आत्मकथने प्रामुख्याने मध्यमवर्गीय वाचकांपर्यंत पोहोचली. त्या वाचकाला काय धक्कादायक वाटेल, याचा परिणाम प्रसंगांच्या निवडीवर होणे शक्य असते. नव्याने स्थिरावलेल्या सुशिक्षित दलित कुटुंबांतून 'झाकलेले कशाला उघडता' असा आक्षेपही घेतला गेला. आत्मकथनात लेखक एकटाच नसतो. आई, बहीण, शेजारी यांचे खासगी जीवनही उघडे पडते आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. म्हणून अशा मजकुराचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकावरही जबाबदारी येते. ज्यांनी स्वतः लिहिले नाही त्यांच्या मौनालाही अर्थ असू शकतो.

तिसरा प्रश्न पडताळणीचा. येथे कागद पुन्हा महत्त्वाचा ठरतो. साहित्य कागदाची जागा घेत नाही. कागदाला प्रश्न विचारावयास शिकवते. वतनाच्या कायद्याशी 'बलुतं', पुनर्वसनाच्या कायद्याशी 'झाडाझडती', मदतीच्या निर्णयाशी 'बारोमास' ताडून पाहता येते. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचन जात व लिंगभाव यांच्या इतिहासाच्या दृष्टीने केले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावाचा मौखिक इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. या कार्यांनी दाखवून दिले की साक्ष आणि संदर्भ यांची सांगड घालणे शक्य आहे. कल्पित लेखनाबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. कादंबरीतील गाव, आकडा, संवाद हे पुरावे नव्हेत. माणसांमधील संबंधांचा आकृतिबंध हा पुरावा होय. 'झाडाझडती'तील गाव नकाशावर शोधण्यात अर्थ नाही. मात्र त्या गावाला जमीन का मिळाली नाही याचे उत्तर अनेक खऱ्या गावांच्या संचिकांत शोधता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, आत्मकथन, कादंबरी व कथा हे इतिहासाचे तीन वेगळे साधनप्रकार आहेत. आत्मकथन साक्ष देते, कादंबरी प्रक्रिया उलगडते, कथा एका प्रसंगातील ताण टिपते. आत्मकथनाला स्मृतीची, कादंबरीला रचनेची आणि कथेला निवडीची मर्यादा असते. या मर्यादा जाणूनच त्यांचा उपयोग करावयाचा असतो. आणि मर्यादा तर सरकारी कागदालाही असतात, हे १ जूनच्या जन्मतारखेने सिद्धच केले आहे.

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन दीर्घ काळ लोटला, बुडालेल्या गावांतील पहिली पिढी जवळजवळ संपली, वतन व वसाहत अनुभवलेली माणसे आता मोजकी उरली आहेत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी लिहिले. जे लिहिले गेले तेही अनेकदा मर्यादित प्रतींच्या आवृत्त्यांत, नियतकालिकांच्या जुन्या अंकांत विखुरलेले आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून असे अंक जागेअभावी रद्दीत जातात तेव्हा एखाद्या वाड्यातील दप्तर जळाल्याइतकीच हानी होते. फरक इतकाच की, या हानीची खंत करणारा राजवाडे अद्याप पुढे आलेला नाही. इतिहास व मराठी या दोन विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील आत्मकथने, कादंबऱ्या, कथा व नियतकालिके यांची सूची करणे, हयात लेखकांच्या व त्यांच्या गावकऱ्यांच्या मुलाखती नोंदवणे, आणि त्या स्थानिक कागदपत्रांशी ताडून पाहणे, हे काम कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाला करता येण्याजोगे आहे. वाड्यांची दप्तरे शोधण्यासाठी एका पिढीने गावोगाव पायपीट केली. ज्यांना वाडा नव्हता त्यांचे दप्तर पुस्तकांच्या रूपाने समोर आहे. ते उघडून, तपासून, जपून ठेवणे हे पुढील पिढीचे कर्तव्य ठरते.